पांढरा पट्टा

पाठपरिचय : नवीन जागा, नवीन माणसे आणि नवीन भाषा यांच्यापुढे उभे राहिले की मन थोडे कचरते. महाविद्यालयात गेल्यावर कराटेच्या वर्गात पहिले पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला काय काय शिकावे लागते, हे या पाठात सांगितले आहे. पाठ वाचताना स्वतःला त्या विद्यार्थ्याच्या जागी ठेवून पाहा.

विद्यार्थी मित्रांनो, आणखी काही वर्षांनी तुम्ही शाळा सोडून महाविद्यालयात जाल. कोणी बुलढाण्याला जाईल, कोणी खामगावला, कोणी मलकापूरला, तर कोणी चिखलीला किंवा मेहकरला. आजवर तुमचे सर्व विषय उर्दूत होते. आता आजूबाजूला मराठी बोलणारी मुले-मुली अधिक असतील. अशा वेळी एके दिवशी जिमखान्याच्या फळ्यावर तुम्हांला एक सूचना दिसते, अशी कल्पना करा : ‘कराटेचा वर्ग उद्या सकाळी साडेसहा वाजता सुरू होत आहे. नवशिक्यांनीही यावे.’

‘नवशिका’ म्हणजे नुकताच शिकू लागलेला. उर्दूत तुम्ही त्याला ‘नौसिखिया’ म्हणता. दोन्ही शब्द किती जवळचे आहेत पाहा!

सूचना वाचून तुमच्या मनात तीन शंका येतात. पहिली शंका : मी हा खेळ कधीच खेळलो नाही, मला जमेल का? दुसरी शंका : शिकवणारे सर मराठीत सांगतील, मला सगळे समजेल का? तिसरी शंका : घरचे काय म्हणतील? मारामारी शिकायला चाललास का, असे तर विचारणार नाहीत? या तिन्ही शंकांची उत्तरे आपण शोधू या.

अंग कमावण्याची विद्या आपल्या भागाला नवी नाही. गावोगावी पूर्वीपासून तालमी आहेत. ‘तालीम’ हा शब्द तुम्हांला ठाऊक आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र कुस्ती आणि व्यायाम शिकण्याच्या जागेला तालीम म्हणतात. नाटकाच्या सरावालाही तालीमच म्हणतात. तालमीत शिकवणारा तो उस्ताद किंवा वस्ताद. म्हणजे आपल्या पूर्वजांनी अक्षरांचे शिक्षण आणि शरीराचे शिक्षण यांना एकच नाव दिले होते. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली स्थापन झाले. 1936 साली बर्लिनला ऑलिंपिक सामने झाले, तेव्हा या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली होती. वऱ्हाडातील व्यायामाची परंपरा अशी मोठी आहे.

कराटे मात्र दूरवरून आले. जपानच्या दक्षिणेला ओकिनावा नावाचे बेट आहे. ही विद्या तेथे वाढली. ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ते’ म्हणजे हात. कराटे म्हणजे रिकामा हात. हातात काठी नाही, तलवार नाही. केवळ आपले शरीर आणि आपले मन.

ओकिनावात गिचिन फुनाकोशी नावाचे एक शाळामास्तर होते. त्यांचा जन्म 1868 सालचा. लहानपणी ते फार अशक्त होते. कराटेच्या सरावाने त्यांची प्रकृती सुधारली. 1922 साली ते कराटेचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी टोकियोला गेले आणि तेथेच राहिले. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे होते. मोठ्या शहरात त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते आणि हाती पैसाही नव्हता. ते विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात राहू लागले. दिवसा ते तेथील खोल्या झाडत, बागेची निगा राखत आणि उरलेल्या वेळात कराटे शिकवत.

ओकिनावाची बोली वेगळी आणि टोकियोची भाषा वेगळी. कराटेतील जुनी नावे टोकियोच्या विद्यार्थ्यांना कळत नसत. तेव्हा फुनाकोशींनी काय केले? त्यांनी ती नावे बदलून विद्यार्थ्यांना समजतील अशी केली. ‘पिनान’चे ‘हेइआन’ झाले. हेइआन म्हणजे शांतता, तुमच्या भाषेत अमन. पुढे 1924 साली टोकियोच्या केइओ विद्यापीठात कराटेचे मंडळ सुरू झाले. जपानमधील विद्यापीठांतले हे पहिले कराटे मंडळ. तेथे आलेले विद्यार्थीही नवशिकेच होते, हे विसरू नका.

आता आपल्या वर्गाकडे परत येऊ. सकाळचे साडेसहा वाजले आहेत. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले आहे. त्यामुळे हिवाळ्यात पहाटे चांगलीच थंडी असते. तुम्ही सैल पायजमा आणि सदरा घालून आला आहात. कराटेचा पांढरा पोशाख पहिल्याच दिवशी विकत घेण्याची घाई करू नका. महिनाभर नियमित याल, तेव्हा घ्या. नखे कापलेली असावीत. अंगठी, घड्याळ, साखळी काढून ठेवावी. सरावापूर्वी पोटभर खाऊ नये. दमा असेल किंवा जुनी दुखापत असेल, तर ती लपवू नये. शिक्षकांना आधी सांगावी.

पायांतील चपला बाहेर ठेवून तुम्ही आत जाता. पाहता तर काय, तपकिरी पट्टा बांधलेली एक मोठी मुलगी हातात झाडू घेऊन जमीन झाडत आहे! तुम्हांला आश्चर्य वाटते. पण आपली जागा आपणच स्वच्छ करायची, ही कराटेच्या वर्गाची रीत आहे. अनवाणी पायांना खडा टोचू नये, हेही एक कारण आहे. आपले विद्यापीठ 1983 साली स्थापन झाले. आज त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या संताच्या नावाच्या विद्यापीठात झाडू हाती धरण्यात कसला आला कमीपणा? तुम्हीही पुढे व्हा आणि दुसरा झाडू उचला. वर्गातील तुमची पहिली ओळख अशी होऊ द्या.

सर्व जण रांगेत उभे राहतात. कंबरेत किंचित वाकून गुरूंना आणि एकमेकांना अभिवादन करतात. त्याला जपानी भाषेत ‘रेई’ म्हणतात. ही पूजा नव्हे. आपण मोठ्यांना सलाम करतो, पहिलवान कुस्तीपूर्वी सलामी देतो, तसाच हा आदर आहे. तरीही मनात काही शंका असेल, तर घरच्या वडीलधाऱ्यांशी आणि शिक्षकांशी मोकळेपणाने बोला. मनात शंका ठेवून गप्प राहण्यापेक्षा विचारणे चांगले.

मग सर आज्ञा देतात, ‘डावा पाय पुढे!’

तुमचा उजवा पाय पुढे जातो. शेजारी कोणीतरी हसते. तुमचे कान लाल होतात. घरी आपण ‘दायाँ’ आणि ‘बायाँ’ म्हणतो. ‘डावा’ म्हणजे कोणता, हे तुम्हांला पुस्तकात माहीत होते. पण घाईत आठवले नाही. इतक्यात शेजारचा मुलगा हळूच म्हणतो, ‘भाऊ, डावा म्हणजे हा. घड्याळाच्या हाताकडचा.’ तुम्ही पाय बदलता.

पाच मिनिटांनी सर जपानी शब्द वापरू लागतात. ‘हिदारी’ म्हणजे डावा, ‘मिगी’ म्हणजे उजवा. आता मघाशी हसलेल्या मुलाचाच पाय चुकतो! मग सगळे मिळून अंक मोजू लागतात : इची, नी, सान, शी, गो, रोकू, शिची, हाची, क्यू, जू. येथे मराठी माध्यमाचा विद्यार्थी आणि उर्दू माध्यमाचा विद्यार्थी एकाच बाकावर आहेत. दोघांनाही एकपासून दहापर्यंत मोजायला नव्याने शिकायचे आहे. भाषेची भीती बाळगणाऱ्या विद्यार्थ्याने हा क्षण लक्षात ठेवावा. आज एक शब्द न कळणे हा काही गुन्हा नाही. तो उद्याही न कळावा म्हणून गप्प बसणे, ही मात्र चूक आहे.

पहिल्या महिन्यात तुम्हांला हवेत उडी मारून लाथ मारायला कोणी शिकवणार नाही. आधी मूठ वळायला शिकवतात. चारही बोटे आत घट्ट दुमडायची आणि अंगठा बाहेरून त्यांवर दाबून धरायचा. अंगठा मुठीच्या आत ठेवला, तर ठोसा मारताना तोच दुखावतो. मनगट सरळ ठेवायचे, वाकू द्यायचे नाही. ठोसा तर्जनी आणि मधले बोट यांच्या पेरांवर बसला पाहिजे. एक हात पुढे जातो, तेव्हा दुसरा हात कमरेकडे ओढून घ्यायचा. ठोसा मारताना श्वास बाहेर सोडायचा.

त्यानंतर उभे राहणे. तुम्ही म्हणाल, उभे राहायला काय शिकायचे? पण पुढचा गुडघा वाकवून, मागचा पाय ताठ ठेवून, टाच जमिनीला टेकवून दोन मिनिटे उभे राहून पाहा. मांड्या थरथरू लागतील. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ‘अम्मी गं!’ म्हणाल. पहिल्या काही दिवसांतच काही मुले वर्ग सोडून देतात, ती येथेच. रोज तेच ते, असे म्हणून ती कंटाळतात. मात्र ‘अलिफ’ आणि ‘बे’ पाटीवर गिरवताना तुम्ही तरी रोज नवीन अक्षर कोठे गिरवत होता?

कराटेच्या अभ्यासाचे तीन भाग आहेत. ‘किहोन’ म्हणजे मूळ हालचाली. ‘काता’ म्हणजे ठरलेल्या क्रमाने, एकट्याने करायच्या हालचालींची मालिका. ‘कुमिते’ म्हणजे जोडीदाराबरोबरचा सामना. शोतोकान पद्धतीत ‘हेइआन शोदान’ हा काता नवशिक्यांना शिकवतात. त्यात 21 हालचाली आहेत. हेइआन मालिकेचे काते विसाव्या शतकाच्या आरंभी अंको इतोसू या गुरूंनी शाळेतील मुलांना शिकवण्यासाठी तयार केले होते. त्यांतील पहिली हालचाल कोणती, सांगा पाहू? ठोसा नाही आणि लाथही नाही. पहिली हालचाल बचावाची आहे. डावीकडे वळायचे आणि येणारा वार हाताने खाली झटकायचा. आपण होऊन कोणावर हात उगारायचा नाही, ही शिकवण या पहिल्या पावलातच आहे.

आणखी एक शब्द पहिल्याच दिवशी शिकवतात. तो म्हणजे ‘यामे’. यामे म्हणजे थांबा. हात कितीही वेगाने जात असला, तरी ‘यामे’ ऐकताच तो जागच्या जागी थांबला पाहिजे. मारणे सोपे आहे, थांबणे अवघड आहे.

याचे एक उदाहरण साऱ्या जगाने पाहिले आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटेचा प्रथमच समावेश झाला. हे सामने 2020 साली व्हायचे होते. कोरोनाच्या साथीमुळे ते 2021 साली झाले. 7 ऑगस्ट 2021 रोजी पुरुषांच्या 75 किलोंवरील गटाचा अंतिम सामना होता. एका बाजूला सौदी अरेबियाचा तारिक हामेदी आणि दुसऱ्या बाजूला इराणचा सज्जाद गंजजादे. हामेदी 4 विरुद्ध 1 गुणांनी पुढे होता. सुवर्णपदक जवळ आले होते. तेवढ्यात त्याची एक उंच लाथ गंजजादेला इतक्या जोराने लागली, की तो बेशुद्ध होऊन पडला. त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. आता हामेदी विजयी होणार, असे तुम्हांला वाटेल. परंतु पंचांनी विचार करून निर्णय दिला : लाथेवर ताबा राहिला नाही, म्हणून हामेदी बाद. सुवर्णपदक गंजजादेला मिळाले. हामेदी कच्चा खेळाडू नव्हता. वर्षानुवर्षे मेहनत करूनच तो तेथवर पोहोचला होता. पण एका क्षणी पाय थांबला नाही आणि हातचे पदक गेले.

घरचे विचारतील, तेव्हा त्यांना ही गोष्ट सांगा. म्हणावे, ‘अब्बा, तेथे मारामारी शिकवत नाहीत, हात आवरायला शिकवतात.’ मात्र हे बोलणे तुमच्या वागण्यातून दिसले पाहिजे. बसस्थानकावर कोणी धक्का दिला, कोणी वेडेवाकडे बोलले, तरी तुमची मूठ उघडीच राहिली पाहिजे. जेथे भांडण टाळून निघून जाता येते, तेथे निघून जाणे हाच शहाणपणा. आपला किंवा दुसऱ्याचा जीव धोक्यात असेल, तेव्हाच या विद्येचा उपयोग करावा. आणि सुटका होताच मदतीसाठी ओरडावे.

मुलींनो, हा वर्ग तुमचाही आहे. याच जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मगाव. त्यांच्या भूमीतील मुलींनी शरीर कमावण्यास लाजू नये. जागतिक कराटे महासंघाच्या नियमांत मान्य केलेला हिजाब घालून मुलींना स्पर्धेत उतरता येते. वर्ग निवडताना आईला किंवा बहिणीला सोबत न्या. एक दिवस बसून सराव पाहा. शिक्षक कोठे शिकले, ते विचारा. नवशिक्याला पहिल्याच आठवड्यात सामन्यात उतरवणारा किंवा मुलांना अपमानकारक बोलणारा वर्ग असेल, तर तो सोडून द्या. चांगल्या गुरूला असे प्रश्न विचारलेले आवडतात.

सगळ्याच महाविद्यालयांत कराटेचा वर्ग असतो असे नाही. आपल्या महाविद्यालयाच्या शारीरिक शिक्षण संचालकांना भेटून चौकशी करावी. पुढे तयारी झाली, की स्पर्धांचा मार्ग मोकळा आहे. देशभरातील विद्यापीठांच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत कराटेचा समावेश आहे. पण पदक मिळाले नाही, म्हणून सकाळची मेहनत वाया जात नाही. ताठ पाठ, शांत मन आणि वेळेवर उठण्याची सवय ही तुमच्याजवळच राहते.

कराटेत नवशिक्याचा पट्टा पांढरा असतो. तो कमरेला दोनदा गुंडाळून समोर गाठ मारतात. पहिल्या दिवशी ती गाठ वारंवार सुटते. कोणीतरी पुढे येऊन ती बांधून देते. वर्षभराने नवे विद्यार्थी येतात. त्यांतल्या एखाद्याचा उजवा पाय चुकून पुढे जातो, त्याच्या पट्ट्याची गाठ सुटते आणि त्याचे कान लाल होतात. त्या वेळी तुम्ही हसू नका. त्याच्याजवळ जा, गाठ बांधून द्या आणि स्वच्छ मराठीत सांगा, ‘भाऊ, डावा म्हणजे हा.’

शब्दार्थ

कचरणे – भीतीने मागे सरकणे, संकोचणे
नवशिका – नुकताच शिकू लागलेला
प्रात्यक्षिक – प्रत्यक्ष करून दाखवलेली कृती
वसतिगृह – विद्यार्थ्यांची राहण्याची जागा
निगा राखणे – काळजी घेणे
खराटा – अंगण झाडण्याचा काड्यांचा झाडू
अभिवादन – नमस्कार, सलाम
मनगट – तळहात आणि हात यांमधला सांधा
पेर – बोटाचा सांधा
टाच – पावलाचा मागचा भाग
ताबा – नियंत्रण, काबू
आवरणे – रोखून धरणे

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘कराटे’ या शब्दाचा अर्थ काय?
(आ) फुनाकोशी टोकियोत कोठे राहत होते?
(इ) ‘यामे’ हा शब्द ऐकल्यावर काय करावे लागते?
(ई) जपानमधील विद्यापीठांतले पहिले कराटे मंडळ कोठे सुरू झाले?

प्र. 2. कारणे लिहा.
(अ) मूठ वळताना अंगठा बाहेर ठेवतात, कारण ...
(आ) फुनाकोशींनी कराटेतील जुनी नावे बदलली, कारण ...
(इ) पुढे असूनही तारिक हामेदीला सुवर्णपदक मिळाले नाही, कारण ...

प्र. 3. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सूचना वाचल्यावर विद्यार्थ्याच्या मनात कोणत्या तीन शंका आल्या?
(आ) ‘हेइआन शोदान’ची पहिली हालचाल आपल्याला काय शिकवते?
(इ) पाठाच्या शेवटी जुन्या विद्यार्थ्याने नव्या विद्यार्थ्याशी कसे वागावे, असे सांगितले आहे? तसे का वागावे?

प्र. 4. विरुद्धार्थी शब्द लिहा.
डावा × ______ , पुढे × ______ , अशक्त × ______ , सैल × ______ , अवघड × ______

प्र. 5. ‘तालीम’ या शब्दाचा मराठीतील आणि उर्दूतील अर्थ लिहा. मराठी अर्थाने त्याचा एका वाक्यात उपयोग करा.

प्र. 6. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
निगा राखणे, हात उगारणे, वाया जाणे

उपक्रम : (1) मनगट, कोपर, खांदा, कंबर, गुडघा, टाच या अवयवांची चित्रे काढा. प्रत्येक चित्राखाली मराठी आणि उर्दू नाव लिहा. (2) दोघांनी मिळून खेळा : एकाने ‘डावा हात वर’, ‘उजवीकडे वळा’, ‘थांबा’ अशा आज्ञा मराठीत द्याव्यात आणि दुसऱ्याने त्या पाळाव्यात. मग पाळी बदला.